आकडा लिहिता, तर त्याचा हिशोबही लिहा: मानसशास्त्रीय चाचण्यांबाबत खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, भारतीय पुनर्वास परिषद, नवी दिल्ली
मानसशास्त्रज्ञांच्या व्यावसायिक संघटनांचे पदाधिकारी
मानसशास्त्रीय चाचण्या छापून विकणारे प्रकाशक

सविनय नमस्कार.

दहा वर्षे पूर्ण झालेले एक मूल घ्या. वय १२० महिने. आईला विचारून व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल (रोजच्या वागण्यातली समज मोजणारी चाचणी) भरला आणि मुलाचे सामाजिक वय, म्हणजे त्याचे वागणे ज्या वयाला शोभते ते वय, ८३ महिने निघाले. त्याला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की उत्तर येते ६९. तेच सामाजिक वय ८४ महिने निघाले असते तर ७०. दिव्यांगत्व मोजण्याच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमधला तक्ता ५१ ते ६९ ला ५० टक्के दिव्यांगत्व देत असे आणि ७० ते ८४ ला २५ टक्के. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आरक्षणासारखे लाभ ४० टक्क्यांपासून पुढे आहेत. आई एखाद्या प्रश्नाला "करतो की, कधीकधी" म्हणाली, तिथे परीक्षकाने पूर्ण गुण दिला की अर्धा, एवढ्यावर त्या मुलाचे पुढचे सगळे फिरते. २०२४ मध्ये सूचना सुधारल्या गेल्या. पण सीमारेषेवर एका गुणाने पारडे फिरण्याचा प्रश्न तक्ता कोणताही असला तरी राहतोच.

या आकड्याखाली सही आमची असते. शाळेत, रुग्णालयात, बालमार्गदर्शन केंद्रात या चाचण्या आम्ही घेतो, गुण देतो, रिपोर्ट लिहितो. पालक पुन्हा येतात आणि विचारतात, "तिकडे ७४ आला होता, तुमच्याकडे ६८ कसा?" याचे प्रामाणिक उत्तर द्यायला लागणारी माहिती पहिल्या रिपोर्टवर बहुतेक वेळा नसतेच. कोणती चाचणी, कोणती आवृत्ती, नॉर्म्स (मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडतात ते त्या वयाच्या मुलांचे सरासरी आकडे) कोणत्या सालचे, कोणत्या भाषेत घेतली, यातले काही लिहिलेले नसते. असतो तो नुसता आयक्यू आणि शिक्का. हे वर्षानुवर्षे चालले आहे, आणि ते थांबवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला आणि सर्वांसमोर.

सगळ्यात जुनी तक्रार नॉर्म्सची. बुद्ध्यांक काढणारी बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. डॉ. कामत यांनी ती १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांवर बसवली, आणि त्या काळात ते मोठेच काम होते. मालिन यांची मुलांसाठीची बुद्धिमापन श्रेणी म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्सलरच्या १९४९ च्या चाचणीचे नागपुरात झालेले भारतीय रूपांतर. व्हाइनलँडचे मूळ १९३५ चे, त्याचे भारतीय रूपही मालिन यांचेच. या लोकांनी त्यांचे काम चोख केले. पुढच्या पिढ्यांनी नवे नॉर्म्स काढायचे होते. तो खर्च आणि ती मेहनत कोणी अंगावर घेतली नाही, हे आमच्या व्यवसायाचे अपयश आहे.

जुन्या नॉर्म्सने काय बिघडते? अनेक देशांत दर दशकाला साधारण तीन गुणांनी सरासरी कामगिरी वर गेल्याचे संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवले. भारतातला वेग वेगळा असू शकेल. पण दिशा तीच असेल तर जुन्या पट्टीवर आजचे मूल आहे त्यापेक्षा वरचे दिसते. चाळीस वर्षे जुने नॉर्म्स धरले तर फरक बारा गुणांच्या घरात जाऊ शकतो. म्हणजे ज्या मुलाला खरोखर आधार हवा आहे, त्यालाच जुनी चाचणी "सीमारेषेवर" म्हणून परत पाठवते. जुनी चाचणी किमान मुलाच्या बाजूने तरी चुकते, असे मानणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून पाहावा.

त्यात भर गुणोत्तराची. मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले शंभर ही पद्धत वेक्सलरने १९३९ मध्येच सोडली. कारण साधे आहे: गुणांचा पसारा प्रत्येक वयात सारखा नसतो, त्यामुळे पाचव्या वर्षीचा ६८ आणि बाराव्या वर्षीचा ६८ ही एकच गोष्ट नव्हे. आपल्याकडे हे दोन आकडे एकाच फाइलमध्ये शेजारी ठेवून "बुद्ध्यांक स्थिर आहे" असा शेरा मारला जातो.

आणि भागाकारातला छेद तरी खरा असतो का? ग्रामीण भागातल्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख किती वेळा दिसते, हे चाचणी घेणाऱ्या कोणालाही विचारा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख असते. दाखल्यावर १२० महिन्यांचे असलेले मूल प्रत्यक्षात १२६ महिन्यांचे असेल, तर त्याच ८४ महिन्यांच्या सामाजिक वयावर ७० चा ६७ होतो. पोळ्याच्या आधी झाला की दिवाळीनंतर, थोरल्या बहिणीत आणि त्याच्यात किती अंतर, लसीचे कार्ड आहे का, एवढे विचारायला पाच मिनिटे लागतात. ते विचारले होते की नाही हे रिपोर्टवर लिहायला एक ओळ. ती ओळ लिहा, असे आपल्यापैकी कोणीही आजवर ठणकावून सांगितलेले नाही.

दुसरी तक्रार थोडक्यात, पण आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. कोणताही गुण हा टिंब नसतो, पट्टा असतो. चाचणीचे प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात) १५ आणि विश्वसनीयता (पुन्हा मोजले तर गुण किती जुळतात; पूर्ण जुळणी म्हणजे १) ०.९१ धरा. मापनाची प्रमाण त्रुटी म्हणजे १५ गुणिले (१ वजा ०.९१) चे वर्गमूळ. वर्गमूळ ०.३, त्रुटी ४.५. ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ ने गुणले की दोन्ही बाजूंना साधारण ९. तेव्हा ६८ म्हणजे "५९ ते ७७ च्या दरम्यान कुठेतरी". पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवले जाणारे हे गणित रिपोर्ट लिहिताना कुठे जाते? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हॉल विरुद्ध फ्लोरिडा खटल्यात, ही त्रुटी न धरता ७० वर आखलेली ताठर रेषा घटनाबाह्य ठरवली. तिथे प्रश्न फाशीचा होता. इथे प्रश्न सर्टिफिकेटचा आहे, पण गणित तेच.

आता साहित्याकडे येऊ, कारण इथली परिस्थिती बाहेरच्यांना ठाऊकच नसते. रेव्हनच्या कलर्ड प्रोग्रेसिव्ह मॅट्रिसेस या रंगीत आकृत्यांच्या बुद्धिमापन चाचणीची पुस्तिका झेरॉक्स करून, कृष्णधवल वापरली जाते. नावातच रंग असलेली चाचणी! राखाडीवर राखाडी आकृती, मधल्या रेघा झेरॉक्समध्ये उडालेल्या, आणि मूल चुकले की त्याचा गुण कापला जातो. सेग्वां फॉर्म बोर्ड, म्हणजे ठोकळे आपापल्या आकाराच्या खाचांत बसवण्याची चाचणी, घ्या. दहा लाकडी ठोकळे, तीन फेऱ्या, त्यातली सर्वांत कमी वेळेची फेरी धरायची. पावसाळ्यात लाकूड फुगते. एखादा ठोकळा, बहुधा कोपरे असलेला, खाचेत अडकतो. मूल तो दाबत बसते आणि घड्याळ चालू राहते. कुठे एखादा ठोकळा हरवून सुताराकडून नवा करून घेतलेला असतो, तो मिलिमीटरभर मोठा. या चाचणीत काही सेकंदांनी मानसिक वय बदलते. चाचणीआधी दहाही ठोकळे स्वतः बसवून पाहा, एवढी साधी सूचना कुठल्या नियमात नाही.

झेरॉक्सला प्रकाशकही जबाबदार आहेत, हे स्पष्ट सांगतो. मूळ संच महाग, उत्तरपत्रिका संपल्या की पुन्हा मागवायला महिने, सुटे भाग मिळत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूला, चाचणी घेण्याची पात्रता आहे का हे न विचारता संच विकले जातात. पैसे भरले की पार्सल घरी. कोणाला विकले याची नोंद राहते का, हे प्रकाशकांनीच जाहीर करावे.

गुप्ततेचे तर बोलायलाच नको. चाचण्यांचे प्रश्न व्हिडिओत उत्तरांसकट सापडतात. सेनादलाच्या निवड मंडळाच्या मानसशास्त्रीय चाचण्यांसाठी उघड क्लास चालतात आणि चित्र पाहून लिहायच्या कथांऐवजी "आदर्श" कथा पाठ करून घेतल्या जातात. या पत्रात आम्ही एकाही चाचणीतला एकही प्रश्न उदाहरणादाखल दिलेला नाही, तो मुद्दाम.

भाषेच्या मुद्द्यावर थोडे थांबावे लागेल. मॅन्युअल इंग्रजीत, मूल मराठी बोलणारे, परीक्षक समोर बसून तोंडी भाषांतर करतो. सकाळच्या परीक्षकाने एका सूचनेचे केलेले मराठी आणि दुपारच्याने केलेले मराठी वेगळे. शब्दसंग्रहाच्या उपचाचणीत तर अवघडपणाचा क्रमच उलटतो: मुळात सोपा म्हणून चौथ्या क्रमांकावर असलेला शब्द मराठीत पुस्तकी होतो, आणि विसाव्या क्रमांकाचा घरोघरी बोलला जाणारा निघतो. सलग काही उत्तरे चुकली की थांबायचे, हा नियम या क्रमावरच उभा आहे. क्रम मोडला की मूल पुढचे, त्याला येत असलेले शब्द न विचारताच थांबवले जाते. आणि हे मराठी तरी कोणाचे? मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारला भिली, खानदेशात अहिराणी. प्रमाण मराठीतली सूचना न समजलेल्या मुलाचा गुण आणि समजून उत्तर न आलेल्या मुलाचा गुण कागदावर सारखाच दिसतो.

यावर उपाय शोधायचा नाही, तो लिहून ठेवलेला आहे. आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाने चाचण्यांचे भाषांतर आणि रूपांतर कसे करावे याच्या मार्गदर्शक सूचनांची दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये काढली. तीत अठरा सूचना आहेत. दोन जणांनी स्वतंत्र भाषांतर करायचे, विषय आणि बोली जाणणाऱ्यांनी ते ताडून पाहायचे, थोड्या मुलांसोबत बसून "तुला काय विचारले असे वाटले?" हे विचारायचे, मग लहान नमुन्यावर प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी काढून क्रम पुन्हा लावायचा, आणि त्यानंतरच नॉर्म्स. अमेरिकेत मुलांसाठीच्या वेक्सलर चाचणीच्या पाचव्या आवृत्तीसाठी २२०० मुले तपासली, प्रत्येक वर्षगटात २०० याप्रमाणे. मराठीसाठी निम्म्या संख्येने सुरुवात केली तरी आजच्या अवस्थेपेक्षा कितीतरी बरे.

अध्ययन अक्षमतेच्या चाचण्यांत हाच गोंधळ लिपीमुळे होतो. रोमन लिपीत एकमेकांचे आरसे असलेल्या अक्षरांची उलटापालट हे लक्षण म्हणून शोधतात. देवनागरी वाचणारे मूल अडखळते ते वेगळ्या ठिकाणी: जोडाक्षर, रफार, डावीकडे लिहून नंतर उच्चारायची पहिली वेलांटी, अनुस्वार. इंग्रजी उताऱ्यावर मराठी माध्यमाच्या मुलाची तपासणी करून निघते ते बहुतेक वेळा एकच, की त्याला इंग्रजी कमी शिकवले आहे.

शाळांमध्ये सरसकट होणाऱ्या चाळणी चाचण्यांबद्दल (कोणाला अडचण असू शकते ते वरवर शोधणाऱ्या) एक हिशोब मुख्याध्यापकांनीही वाचावा. हजार मुले, त्यांत खरी अडचण असलेली पाच टक्के, म्हणजे ५०. चाचणी ९० टक्के संवेदनशील (अडचण असलेल्या शंभरातली ९० पकडणारी) आणि ९० टक्के विशिष्ट (अडचण नसलेल्या शंभरातली ९० बरोबर सोडणारी), म्हणजे चांगलीच. ती ५० पैकी ४५ पकडेल; उरलेल्या ९५० पैकी ९५ मुलांवरही खूण करेल. खूण झालेल्या १४० मुलांत खरी ४५. सविस्तर तपासणी न करता त्या यादीवरून पालकांना चिठ्ठी पाठवणे म्हणजे तीनातल्या दोन घरांत विनाकारण घबराट.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी, स्वभाव आणि करिअर सांगणाऱ्या डीएमआयटीला या पत्रात जागा द्यावी का, यावर आमच्यात मतभेद होते. ती मानसशास्त्रीय चाचणीच नाही. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१९ मध्ये तिला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. तरी शाळांच्या सभागृहांत ती खपते, आणि रिपोर्टवर "सायकॉलॉजिस्ट" अशी सही असते. त्या सहीचे काय करणार, एवढाच आमचा प्रश्न.

संमतीबद्दल. चाचणी कशासाठी, निकाल कोण पाहणार, नको म्हणता येते का, या तीन गोष्टी पालकांना सुरुवातीलाच सांगायच्या असतात आणि मुलालाही त्याच्या भाषेत. प्रवेशाच्या फॉर्मवरच्या सहीला संमती म्हणत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधले कलम २३ गोपनीयतेचे आणि कलम २५ स्वतःच्या नोंदी मिळण्याचे आहे. शिक्षकांच्या खोलीतल्या उघड्या कपाटात आयक्यूच्या फाइली ठेवणाऱ्यांना ही दोन्ही ठाऊक असावीत. पालकांच्या हातात बंद लिफाफा देऊन "डॉक्टरांना दाखवा" म्हणणे हेही आमच्या लेखी गैर आहे. निकाल समजावून सांगणे हा चाचणीचाच भाग आहे.

या सगळ्याची दाद कुठे मागायची? चिकित्सा मानसशास्त्रज्ञ १९९२ च्या कायद्याने पुनर्वास परिषदेकडे. इतर मानसशास्त्रज्ञ २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याखाली. शाळेतला समुपदेशक नेमका कुठे, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. १९९२ च्या कायद्याच्या कलम १३ मध्ये नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. एक हजार रुपये! आणि नोंदणी असलेल्याने वाईट चाचणी घेतली तर पालकाने कोणता फॉर्म भरायचा, किती दिवसांत उत्तर मिळेल, हे साध्या मराठीत कुठेही लावलेले नाही.

आमच्या मागण्या अशा:

१. चाचणी रिपोर्टचा किमान नमुना परिपत्रकाने बंधनकारक करा. त्यात चाचणीचे नाव व आवृत्ती, नॉर्म्सचे साल व नमुना, चाचणीची भाषा आणि भाषांतर कोणाचे, वयाचा पुरावा, गुणासोबत ९५ टक्क्यांचा पट्टा, चाचणीच्या वेळची अडचण (आजारपण, झोप, फिट्सचे औषध, चष्मा किंवा श्रवणयंत्र नसणे), एकूण लागलेला वेळ आणि परीक्षकाचा नोंदणी क्रमांक असावा.

२. भारतात वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांची सार्वजनिक, दरवर्षी सुधारली जाणारी यादी काढा. एनसीईआरटीकडे शैक्षणिक व मानसशास्त्रीय चाचण्यांचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे. त्याला परीक्षणाचे अधिकार आणि माणसे द्या. नेदरलँड्समध्ये मानसशास्त्रज्ञांची समिती पंधरा वर्षांवरच्या नॉर्म्सना "जुने" आणि वीस वर्षांवरच्यांना "वापरण्यास अयोग्य" असा शेरा देते. तेवढा शेरा तरी इथे सुरू करा.

३. सर्टिफिकेटच्या सीमारेषेचा आकडा त्रुटीच्या पट्ट्यात पडत असेल तर निर्णय एकट्या आकड्यावर घेऊ नये. दुसरी चाचणी, घरातल्या व शाळेतल्या वागण्याची स्वतंत्र माहिती, आणि तोपर्यंत संशयाचा फायदा मुलाला. तीच चाचणी वर्षाच्या आत पुन्हा घेऊ नये, कारण सरावाने गुण वाढतो.

४. शिबिरांत एका परीक्षकाने दिवसाला किती मुले तपासावीत याची मर्यादा ठरवा. माहिती घेणे, चाचणी, गुणांकन आणि रिपोर्ट धरून एका मुलाला साडेतीन ते चार तास लागतात. वीस मिनिटांत होतो तो फक्त फॉर्म.

५. प्रकाशकांनी नोंदणी क्रमांक पाहूनच संच विकावेत, उत्तरपत्रिका आणि सुटे भाग रास्त किमतीत व वेळेत द्यावेत, आणि नॉर्म्सचे साल व नमुना खोक्यावर छापावा.

६. मराठी आणि महाराष्ट्रातल्या आदिवासी भाषांसाठी रूपांतर व नॉर्म्सचे काम विद्यापीठांना निधी आणि मुदत देऊन सोपवा. त्यातून निघालेली चाचणी सरकारी केंद्रांना मोफत मिळावी.

७. तक्रारीचा एकच फॉर्म, एकच पत्ता, नव्वद दिवसांत लेखी उत्तर; आणि निकाल, नावे झाकून का होईना, जाहीर.

नीतिसंहिता नाही असे आम्ही म्हणत नाही. पुनर्वास परिषदेने १९९८ मध्ये आचारसंहितेचे नियम केले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संहितेत मूल्यमापनाला अख्खा नववा विभाग आहे आणि त्यातले ९.०८ हे कलम कालबाह्य चाचण्यांवरच आहे. चाचण्यांची तांत्रिक मानके तिथे १९५४ पासून निघतात आणि २०१४ पर्यंत सुधारत आली. आपल्याकडे कमतरता आहे ती संहिता आणि परीक्षकाचे टेबल यांच्यामधल्या कागदाची.

पहिल्या मागणीला ना निधी लागतो, ना कायदादुरुस्ती. नमुना तयार करून आम्ही पाठवायला तयार आहोत. एका पानात बसतो. पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या तपासण्या जूनमध्ये सुरू होतील. त्याआधी परिपत्रक निघेल का, याचे लेखी उत्तर द्यावे ही विनंती.

आपले,
शाळा, रुग्णालये व बालमार्गदर्शन केंद्रांत चाचण्या घेणारे काही मानसशास्त्रज्ञ